अठराव्या वर्षी मोठ्या क्लबचा तिसरा गोलरक्षक, की लहान क्लबचा पहिला?

वेंगुर्ल्याच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली, बारावी झाली, उंची पाच फूट अकरा इंच. गोव्यातील एका व्यावसायिक फुटबॉल क्लबने त्याच्यापुढे तीन वर्षांचा करार ठेवला आहे. सराव सिनिअर संघाबरोबर, पण तेथे तो तिसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक असेल. त्याच वेळी खालच्या विभागातील एक लहान क्लब त्याला पहिल्या सामन्यापासून गोलमध्ये उभा करायला तयार आहे, मात्र प्रवासखर्चापलीकडे देण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नाही. निवड चाचणीच्या सामन्यात मुलाने चार गोल खाल्ले, त्यांतील तीन क्रॉस (बाजूच्या रेषेजवळून गोलसमोर उंच टाकलेला चेंडू) आणि कॉर्नरवरून आले, आणि तेव्हापासून तो घरात नीट बोलत नाही. मनगट थोडे दुखते, पण तो ‘काही नाही’ म्हणतो. नातेवाइकांचे मत असे की, हे सगळे सोडून त्याने पदवीला प्रवेश घ्यावा आणि पोलीस भरतीची तयारी करावी.

आपण विचारले आहे की यांपैकी कोणता क्लब चांगला. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. येत्या बारा महिन्यांत हा मुलगा पूर्ण मापाच्या गोलमध्ये, ज्याचा निकाल कोणाला तरी महत्त्वाचा वाटतो असे किती सामने खेळणार, आणि त्या काळात त्याला शिकवणारा माणूस कोण असणार, हे दोन मुद्दे स्पष्ट झाले की क्लबाच्या नावाचा निर्णय बराचसा आपोआप होतो. मी मुलाला खेळताना पाहिलेले नाही आणि दोन्ही क्लब मला ठाऊक नाहीत, त्यामुळे पुढे जे लिहितो त्यातील काही भाग आपल्याला तपासून घ्यावा लागेल. मी सावंतवाडीकडचा, गोव्यातील क्लबांत अकरा हंगाम गोलरक्षक होतो आणि गेली बावीस वर्षे गोलरक्षकच घडवतो आहे.

प्रथम ही जागा इतरांपेक्षा वेगळी का, ते सांगतो. मधल्या फळीतला अठरा वर्षांचा मुलगा सामन्याची शेवटची दहा मिनिटे मैदानावर उतरू शकतो, उजवीकडे नाही जमले तर डावीकडे खेळू शकतो. गोलरक्षकाची जागा एकच असते आणि दुखापत किंवा लाल कार्ड याशिवाय ती सामन्याच्या मध्ये सहसा रिकामी होत नाही. संघ जिंकत असेल तर प्रशिक्षक गोलरक्षकाला हात लावत नाही, आणि हरत असेल तरी आधी आक्रमक फळी बदलून पाहतो. म्हणून तिसरा गोलरक्षक संघात राहून चांगला झाला तरीही त्याची पाळी येईलच असे नसते. हे कोणाच्या वाईटपणामुळे होत नाही. या जागेचे गणितच तसे आहे.

आपल्याला कोणीतरी बुफॉन आणि दोन्नारुम्मा या इटालियन गोलरक्षकांची उदाहरणे पाठवली असतील. बुफॉन १९९५ मध्ये सतराव्या वर्षी पार्माकडून इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला, दोन्नारुम्मा २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी मिलानकडून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या नाहीत. उपयोगाचे उदाहरण एमिलियानो मार्टिनेझचे आहे. अर्जेंटिनातील मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरातला हा मुलगा सतराव्या वर्षी इंग्लंडच्या आर्सेनल क्लबाकडे गेला आणि पुढची दहा वर्षे बहुतांश काळ कोणाच्या तरी मागे उभा राहिला. ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ज, गेटाफे, रीडिंग अशा क्लबांकडे त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरते त्यांच्याकडून खेळण्यासाठी, पाठवले गेले. जून २०२० मध्ये पहिला गोलरक्षक लेनो जखमी झाला तेव्हा याची पाळी आली. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेच्या अगदी शेवटी त्याने पाय पसरून अडवलेला चेंडू आपल्या मुलाने नक्कीच अनेकदा पाहिला असेल. इंग्लंडचा पिकफर्डही संडरलंडकडून आपले नाव होण्याआधी डार्लिंग्टन, आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड आणि प्रेस्टन असे सहा क्लब लोनवर फिरून आला. मोठ्या क्लबाचे कागद हातात होते, पण खेळ मात्र लहान मैदानांवर तयार झाला, हे दोघांच्याही बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या देशातही हाच क्रम दिसतो. गुरप्रीत सिंग संधू ईस्ट बंगालकडे असताना पैलान अ‍ॅरोज या तरुण खेळाडूंच्या संघाकडून खेळला, २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबाकडे गेला आणि तिथल्या लीगमधील पहिल्या सामन्यासाठी त्याला २०१६ पर्यंत थांबावे लागले. वास्कोचा लक्ष्मीकांत कट्टीमणी तर आपल्या अगदी जवळचा. २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या (आय.एस.एल.) अंतिम सामन्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, गोव्याच्या प्रेक्षकांसमोर, शेवटच्या मिनिटांत झालेल्या दोन गोलांनी चेन्नईयिनने एफ.सी. गोवाला ३-२ असे हरवले, आणि त्यांतील एक गोल नोंदवहीत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. त्याच मैदानावर मार्च २०२२ मध्ये हैदराबादकडून खेळताना त्याने अंतिम सामन्याच्या पेनल्टी शूटआउटमध्ये केरळ ब्लास्टर्सचे तीन फटके अडवले आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. मधली सहा वर्षे तो खेळ न सोडता टिकून राहिला, हा भाग मात्र कोणी व्हिडिओ करून पाठवत नाही. आपला मुलगा चार गोलांनी गप्प झाला असेल तर त्याला हे दोन्ही सामने एकापाठोपाठ दाखवा.

आता सामन्याचा इतका आग्रह का, ते माझ्याच अनुभवातून लिहितो. मी एका क्लबात दोन हंगाम दुसरा गोलरक्षक होतो. सरावात माझ्यावर गोल करणे अवघड आहे असे सगळे म्हणत आणि मलाही ते पटत असे. दुसऱ्या पावसाळ्यात एका सामन्यात पहिला गोलरक्षक तासाभरानंतर जखमी झाला आणि मी आत गेलो. पहिला चेंडू उजवीकडून आलेला साधा, उंच, संथ क्रॉस होता. मी तो घ्यायला निघालो, दोन्ही हात वर गेले, आणि आमच्या स्टॉपरचे (मधल्या बचावपटूचे) डोके माझ्या छातीवर आदळले, कारण मी ‘कीपर’ अशी हाक दिलीच नव्हती. चेंडू चिखलात पडला आणि समोरच्या खेळाडूने तो नुसता आत ढकलला. माझ्या हातांना कसलाही सराव कमी पडला नव्हता. दोन वर्षांत आवाजाला मात्र एकदाही काम पडले नव्हते. सरावात मैदान शांत असते, बचावपटू ओळखीचे असतात, हाक उशिरा दिली तरी कोणी आदळत नाही. शिवाय सामन्यात सत्तर मिनिटे काहीच न करता एकाहत्तराव्या मिनिटाला पूर्ण जागे असावे लागते, आणि ही गोष्ट शिकवण्याची युक्ती मला बावीस वर्षांत सापडलेली नाही. ती फक्त सामन्यातच येते.

तरीही तिसऱ्या क्रमांकाची जागा टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. सिनिअर खेळाडूचा फटका आणि गावातल्या चांगल्या खेळाडूचा फटका यांत जोराचा फरक असतोच, पण त्याहून मोठा फरक असा की सिनिअर खेळाडू पायाची हालचाल लपवतो. आपल्याकडची मुले फटका मारणाऱ्याचा खांदा पाहून झेपावतात आणि इथे ते चालून जाते. तिथे पहिल्या पंधरा दिवसांत ही सवय मोडते. फटका बसण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर आणि हात मोकळे ठेवून स्थिर होणे, ज्याला आम्ही ‘सेट होणे’ म्हणतो, ते अशा फटक्यांसमोरच पक्के होते. म्हणून क्लबात तिसऱ्या गोलरक्षकाकडून नेमके काय करून घेतात, हे पाहिलेच पाहिजे. काही ठिकाणी त्याला तिन्ही गोलरक्षकांच्या सरावात समान वेळ मिळतो आणि राखीव संघाचे सगळे सामने त्याचे असतात. काही ठिकाणी मात्र त्याचे काम आक्रमक फळीच्या फटक्यांच्या सरावात तासभर गोलमध्ये उभे राहणे आणि नंतर चेंडू गोळा करणे एवढेच असते. पहिल्या प्रकारच्या क्लबात एक वर्ष सोन्यासारखे, दुसऱ्या प्रकारच्या क्लबात सहा महिनेही जास्त.

आपल्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट मला प्रश्नातूनच दिसली, आणि तिच्यासाठीच हे उत्तर इतके लांबवतो आहे. चारपैकी तीन गोल क्रॉस आणि कॉर्नरवरून. हा दोष एकट्या त्याचा नाही, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा पाच किंवा सात जणांच्या. भात कापल्यावर मळ्यात, किंवा ओहोटीच्या वेळी पुळणीवर. गोल लहान, बॉक्स (गोलसमोर आखलेली चौकट) लहान, फटका जवळून. अशा खेळातून हात विलक्षण चपळ होतात. मीही जांभ्या दगडाच्या गडग्यावर टेनिसचा ओला चेंडू मारून झेलत वाढलो. गडग्याच्या उंचसखल दगडांवरून तो कुठे उसळेल ते सांगता येत नाही, आणि त्या सरावाइतका चांगला सराव मी पुढे कुठल्याही अकादमीत पाहिला नाही. पण पूर्ण गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, बॉक्स गोलरेषेपासून १६.५ मीटर पुढे येतो, आणि त्या सगळ्या जागेची मालकी गोलरक्षकाची असते. चेंडू बाजूच्या रेषेजवळून उचलला गेल्यावर पुढे यायचे की रेषेवर थांबायचे, याचा निर्णय चेंडूने निम्मे अंतर कापण्याआधी घ्यावा लागतो, आणि निर्णय बदलता येत नाही. लहान मैदानावर वाढलेला मुलगा दोन पावले पुढे येतो, मग थबकतो. गोल त्या थबकण्यात होतो. पाच फूट अकरा इंचांच्या गोलरक्षकाला तर हे अधिकच भोवते, कारण सहा फूट तीन इंचांचा माणूस उशिरा निघाला तरी हात पोहोचवतो. अठराव्या वर्षानंतर उंची फारशी वाढेल असे मी गृहीत धरणार नाही. एक पाऊल लवकर निघण्याची सवय मात्र लागू शकते, आणि ती अकरा जणांच्या सामन्यांतून, प्रत्यक्ष क्रॉसवर चुका करूनच लागते.

पडण्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. जांभ्याच्या खडबडीत मैदानावर वाढलेली मुले झेपावताना कोपर आणि कंबर वाचवतात. ती शरीराने चेंडूमागे जात नाहीत, नुसता हात पाठवतात. म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर कातडी सोलवटते, पण हळूहळू भीती जाते. लांब बाह्या आणि मांडीला स्पंजची पट्टी असलेली चड्डी पहिले काही महिने वापरायला हरकत नाही. त्यात कमीपणा नाही.

पायांच्या खेळाबद्दल आपण विचारलेले नाही, पण क्लब ते नक्की विचारील. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू हातात घेण्यास बंदी करणारा नियम १९९२ मध्ये आला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि माझा डावा पाय केवळ उभे राहण्याच्या उपयोगाचा होता. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू बॉक्समध्येच सहकाऱ्याला देता येतो, आणि २०२५ च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. म्हणजे गोलरक्षकाने पायाने आणि लवकर खेळावे, हीच दिशा गेली तीस वर्षे आहे. मुलाचा दुसरा पाय कच्चा असेल तर आजपासून रोज अर्धा तास भिंतीवर पास. यासाठी कोणत्याही क्लबाची गरज नाही.

करारावर येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि प्रौढ खेळाडूचा सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत असतो. आपला मुलगा प्रौढ आहे, तेव्हा ‘तीनच वर्षांचा करावा लागतो’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. कमी मुदतीचाही करता येतो. मी दोन वर्षे मागेन. क्लबाला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे तोंडी घेऊ नका. गोलरक्षकांचा स्वतंत्र प्रशिक्षक आहे का आणि तो राखीव संघासोबतही असतो का? राखीव संघ या हंगामात कोणत्या स्पर्धा खेळणार आणि त्यांत पहिला गोलरक्षक कोण? जानेवारीपर्यंत मुलगा ठरावीक सामने खेळला नाही, तर त्या महिन्यातील नोंदणीच्या काळात त्याला दुसरीकडे लोनवर पाठवतील का? आणि दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च व त्या काळातील मानधन कोणाकडे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात एका ओळीने आले तरी माझ्या दृष्टीने मानधनाच्या आकड्यापेक्षा ते मोलाचे आहे. आकड्याचा फार भरवसा धरू नये, याची आठवण २०२५ ने सगळ्यांना करून दिली. देशातील सर्वोच्च लीगच ठरलेल्या वेळी सुरू झाली नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. सहीची प्रत त्याच दिवशी घरी आणा. मध्यस्थ असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा, आणि निवडीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

मनगटाचे मात्र करारापर्यंत लांबवू नका. पसरलेल्या हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाला तडा असू शकतो. पहिल्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा गरज वाटल्यास एम.आर.आय. करतात. या हाडाच्या एका भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्षिलेला तडा अनेकदा जुळत नाही, आणि मग एवढ्याशा हाडापायी गोलरक्षकाचा हंगामच काय, कारकीर्दही अडते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तो गोलरक्षक आहे हे आवर्जून सांगा.

पदवीबाबत नातेवाइकांचे अर्धे मला पटते. प्रवेश घ्यावाच, सराव सकाळचा असतो, दुपार मोकळी असते, आणि बाकावर बसणाऱ्या मुलाला रिकामी दुपार फार वाईट. विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची वाट खुली राहते, रेल्वे, पोलीस आणि सेनादलांत खेळाडूंसाठी जागा असतात. पण पोलीस भरतीसाठी आत्ताच गोल सोडण्याची घाई करू नये. गोव्यात गोलरक्षकाला मान आहे. भारताचे माजी गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे नातेवाइकांना सांगून पाहा. त्याने चर्चा मिटणार नाही, पण जेवणाच्या पंगतीत थोडी शांतता होईल.

एकत्र सांगायचे तर माझा कल असा: राखीव संघात तो पहिला असेल, गोलरक्षकांचा प्रशिक्षक तिथे रोज असेल आणि जानेवारीत लोनची सोय लिहून मिळत असेल, तर मोठ्या क्लबात दोन वर्षांसाठी जावे. यांतील पहिली अट पुरी होत नसेल तर बाकीच्या दोन्ही असूनही मी लहान क्लबाकडे एक हंगाम पाठवीन, कारण क्रॉसचा दोष बाकावरून सुधारत नाही. सावंतवाडी रोडहून थिवी, करमळी, मडगाव रेल्वेने जवळ असले तरी रोज ये-जा करू देऊ नका. खोली तिथेच घ्यावी लागेल, आणि लहान क्लबाची निवड झाली तर तो खर्च आपल्यावर येईल हे आधीच धरून चाला.

आता त्या गप्प बसण्याबद्दल. त्याला समजावू नका आणि ‘होतं असं’ असेही म्हणू नका. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी जे करून घेतो ते करून पाहा. त्याला चार कोरे कागद द्या आणि प्रत्येक कागदावर एकेक गोल काढायला सांगा: चेंडू कुठून आला, आपले बचावपटू कुठे होते, आणि फटका बसला त्या क्षणी त्याचे स्वतःचे दोन पाय नेमके कुठे होते. वेळ कितीही घेऊ द्या, आपण खोलीत थांबू नका. चारही कागदांवर बचावपटूंच्या चुका ठळक आणि स्वतःचे पाय पुसट असतील, तर मी त्याला अजून काही महिने घराजवळ खेळवीन. तीन कागदांवर जरी त्याने स्वतःच्या पायांची जागा खात्रीने दाखवली आणि शेजारी ‘इथे हवा होतो’ असे दुसरे दोन ठिपके काढले, तर कोणत्या क्लबात जायचे हे ठरवताना त्यालाही समोर बसवून घ्या.